रेल्वे स्वस्त? आधी घरातली माणसं मोजा!

नवी मुंबईत कोकणात जायचा विषय निघाला, की समोरच्याचं उत्तर तयार असतं. रेल्वेने जा, एसटी महाग झाली. कोपरखैरणेच्या चाळीत हेच ऐकू येतं आणि खारघरच्या टॉवरमध्येही हेच. वीस वर्षांपूर्वी हे उत्तर बरोबर होतं. आज ते अर्धवट आहे, आणि अर्धवट उत्तरावर विसंबून अनेक कुटुंबं जास्त पैसे मोजतात.

हिशेबच मांडू. पनवेल ते कणकवली.

रस्त्याने हे अंतर साधारण 400 किलोमीटर. एसटीचं भाडं टप्प्यावर ठरतं आणि टप्पा सहा किलोमीटरचा. जानेवारी 2025 मध्ये 14.95 टक्के भाडेवाढ झाली, तेव्हापासून साध्या गाडीला एका टप्प्याचे साधारण दहा रुपये पडतात. 67 टप्पे धरले तर 670 रुपये होतात. रेल्वेचं स्लीपरचं तिकीट सव्वातीनशेच्या आसपास, आणि जनरलचं दोनशेच्या आत. इथपर्यंत रेल्वेवाल्यांचं बरोबर. एका धडधाकट पुरुषाने एकट्याने जायचं असेल, तर एसटीला दुप्पट पैसे पडतात.

पण गावाला एकटा पुरुष किती वेळा जातो?

एक घर घ्या. आजोबा 76 वर्षांचे, आजी 70 ची, नवरा, बायको आणि दहा वर्षांची मुलगी. एसटीत आजोबांना तिकीट नाही, कारण 75 वर्षांवरच्यांना राज्यात ऑगस्ट 2022 पासून मोफत प्रवास आहे. आजीला अर्धं तिकीट. बायकोलाही अर्धं, कारण 17 मार्च 2023 पासून एसटीत सगळ्या महिलांना 50 टक्के सवलत आहे. मुलीचं वयामुळे अर्धं. पूर्ण तिकीट एकट्या नवऱ्याचं. बेरीज 1675 रुपये. हीच पाच माणसं रेल्वेच्या स्लीपरने निघाली, तर पाचही पूर्ण तिकिटं. मुलीला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर तिचंही पूर्ण, हा नियम एप्रिल 2016 पासूनचा. बेरीज 1625 रुपये. पाच माणसांत फरक 50 रुपयांचा!

आता दुसरं घर. तीन बहिणी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आईला घेऊन माहेरच्या देवीला निघाल्या. एसटीत आई मोफत, तिघी अर्ध्या तिकिटात, एकूण 1005 रुपये. रेल्वेच्या स्लीपरला 1300. इथे एसटी सरळ तीनशे रुपयांनी स्वस्त.

आणि तिसरं, चार तरुण मित्र. एसटीला 2680, स्लीपरला 1300 आणि जनरलला आठशेच्या आत. त्यांनी डोळे मिटून रेल्वेने जावं.

हे आकडे गोळाबेरजेचे आहेत, दोन-पाच रुपये इकडेतिकडे होतील. पण मुद्दा हलत नाही. तिकिटाची किंमत किलोमीटरवर ठरत असली, तरी प्रवासाचा खर्च घरातल्या बाया-माणसं, म्हातारीकोतारी आणि पोरंबाळं यांच्यावर ठरतो. स्वस्त काय, हा प्रश्न गाडीला विचारून उत्तर मिळत नाही. तो घराला विचारावा लागतो.

ही परिस्थिती आली कशी? रेल्वेने म्हाताऱ्यांची सवलत काढून घेतली म्हणून.

20 मार्च 2020 पर्यंत रेल्वेत 60 वर्षांवरच्या पुरुषाला 40 टक्के आणि 58 वर्षांवरच्या बाईला 50 टक्के सवलत होती. करोनाचं कारण देऊन ती थांबवली. करोना गेला. गाड्या पूर्ववत झाल्या, डबे भरून वाहू लागले, सवलत मात्र परत आली नाही. संसदेत प्रश्न विचारला, की सरकारचं ठरलेलं उत्तर येतं: प्रत्येक प्रवाशाच्या तिकिटामागे रेल्वे सरासरी 45 टक्क्यांच्या आसपास भार आधीच उचलते. उत्तर खरं असेल, पण ते उत्तर नाही. हा भार तर 2020 च्या आधीही उचलला जात होता आणि तेव्हा म्हाताऱ्यांना सवलतही होती. दोन्ही एकत्र चालत होतं. आता का चालू नये?

इकडे एसटीकडे बघा. संचित तोटा दहा हजार कोटींच्या पुढे गेलेलं हे महामंडळ. त्याच्या गाड्या जुन्या झाल्या आहेत, आसनं फाटली आहेत. तरीही 75 च्या पुढचा माणूस आधार कार्ड दाखवतो आणि फुकट गावाला जातो. सवलतीची रक्कम राज्य सरकार महामंडळाला देतं, कधी वेळेवर, कधी मागून. पण म्हाताऱ्याला कंडक्टर खाली उतरवत नाही. सवलतीने एसटी बुडेल असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी एकदा दुपारच्या गाडीत बसून बघावं. पूर्वी घरात बसणाऱ्या बाया आता प्रवास करतात. अर्ध्या तिकिटाने त्यांना माहेरची वाट मोकळी झाली. भावाकडे, दवाखान्यात, कोर्टाच्या तारखेला, लेकीच्या बाळंतपणाला त्या नवऱ्याकडे हात न पसरता जातात. या एका गोष्टीसाठी ही सवलत शंभर वेळा मान्य आहे.

एक गोष्ट आवर्जून ध्यानात ठेवा. एसटीची ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंत आहे. गोव्याला जाणाऱ्या गाडीत बांद्याच्या पुढे ती लागू नाही. आणि ती फक्त एसटीत आहे, खासगी ट्रॅव्हल्सला तिच्याशी देणंघेणं नाही.

आता कोकण रेल्वेचं एक गुपित. गुपित म्हणायचं कारण, त्या मार्गाने आयुष्यभर जाणाऱ्या कित्येकांना ते माहीत नाही.

कोकण रेल्वेवर तुम्ही जितके किलोमीटर जाता, त्याच्या 40 टक्के जास्त किलोमीटरचं भाडं देता. रोह्याच्या पुढे हा हिशेब सुरू होतो. पनवेल ते कणकवली लोहमार्गाने प्रत्यक्षात 390 किलोमीटरच्या आसपास भरतं. तुमच्याकडून भाडं मात्र पाचशेहून जास्त किलोमीटरचं घेतलं जातं. मुंबई ते मडगावच्या तिकिटावरचं अंतर एकदा वाचा. रूळ 600 किलोमीटरही नाहीत आणि तिकिटावर साडेसातशेच्या वर आकडा असतो. म्हणजे आपण मघाशी स्लीपरचे जे सव्वातीनशे धरले, त्यातच हा भार मुरलेला आहे. तो नसता, तर त्या तीन बहिणींच्या घराला रेल्वे एवढी महाग पडली नसती.

याचं कारण जुनं आहे आणि एके काळी ते रास्त होतं. 1990 मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री होते, मधु दंडवते अर्थमंत्री होते, आणि ई. श्रीधरन यांच्याकडे बांधणीची सूत्रं आली. केंद्राने 51 टक्के, महाराष्ट्राने 22, कर्नाटकाने 15, गोवा आणि केरळने प्रत्येकी 6 टक्के भांडवल घातलं. बाकीचा पैसा रोख्यांतून उभा केला. रोहा ते ठोकूर 741 किलोमीटरचा मार्ग सह्याद्रीच्या पायथ्याने, नद्या ओलांडत, डोंगर फोडत निघाला. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. 26 जानेवारी 1998 ला पूर्ण मार्ग खुला झाला. एवढं काम केलं, कर्ज होतं, ते फेडायला जास्त भाडं लावलं. कोकणी माणसाने कुरकुर न करता ते भरलं, कारण त्याआधी गावाला जायला त्याच्यापुढे बोट आणि घाटातली खडखडणारी गाडी एवढंच होतं.

पण मार्ग पूर्ण झाल्याला पाव शतक उलटलं. अजून किती वर्षं वाढीव किलोमीटर? हा प्रश्न नवी मुंबईकरांनी विचारायचा नाही तर कुणी? कोकण रेल्वेचं मुख्यालय आपल्या बेलापूरच्या सीबीडीत आहे. तिथे पोचायला लोकलचं तिकीट पुरे.

बरं, 40 टक्के जास्त देऊनही जागा मिळते का?

पनवेलच्या फलाटावर सकाळी सातच्या सुमारास उभं राहा. दिवा–सावंतवाडी गाडी येते. ती पनवेलला रिकामी येत नाही, दिव्यालाच भरलेली असते. डोंबिवली, कल्याण, ठाणे, कळव्याची माणसं तिथे चढलेली असतात. दरवाजात दोन-तीन पोरं उभी, त्यांच्या पायांशी पिशव्या, पिशव्यांवर कुणीतरी बसलेलं. फलाटावरची बाई आधी खिडकीतून बाळाची झोळी आत देते. आतली अनोळखी बाई काही न विचारता ती घेते. मग नवरा बॅग दरवाजातल्या पोरांच्या डोक्यावरून आत लोटतो, मग ती स्वतः चढते, आणि तिच्या सासूला मागून कुणीतरी हात देऊन वर ढकलतो. गाडी सुटते तेव्हा सासूचा एक पाय पायरीवर असतो. हे सणाच्या दिवसाचं चित्र नाही, मे महिन्यातल्या कुठल्याही शनिवारी बघायला मिळतं. दोनशेच्या आतलं तिकीट आहे, हे खरं. त्या सासूला आठ-नऊ तास दोन बाकांच्या मध्ये खाली बसून जावं लागतं, हेही खरं.

सर्वांत गरीब माणसाची गाडी म्हणजे पॅसेंजर. दादर–रत्नागिरी पॅसेंजर कित्येक वर्षं कोकणी चाकरमान्यांची हक्काची गाडी होती. टाळेबंदीनंतर ती दिव्यावरच थांबवली, दादरला येईनाशी झाली. आंदोलनं झाली, निवेदनं दिली, मोर्चे निघाले. गाडी दिव्याच्या पुढे सरकली नाही. नवी मुंबईकराला वाटेल, आपल्याला काय त्याचं, पनवेलला तर ती मिळतेच. मिळते, पण दादर, कुर्ला, ठाण्याची सगळी गर्दी आता दिव्याला जाऊन चढते आणि पनवेलला पाय ठेवायला जागा राहत नाही. दादरची गैरसोय पनवेलच्या फलाटावर उतरते, ती अशी.

त्याच मार्गावर 27 जून 2023 ला वंदे भारत सुरू झाली. ती पनवेलला थांबते. गाडी चांगली आहे, वेळेत जाते, ज्यांना परवडते त्यांनी जरूर जावं. पण तिच्यात स्वस्त वर्गच नाही. एकेरी मार्गावर प्रत्येक नवी वेगवान गाडी आली, की तिला वाट द्यायला मागची हळू गाडी कुठल्यातरी छोट्या स्थानकात थांबवतात. कोकण रेल्वेचा रोहा ते वीर हा टप्पा सोडला तर बहुतेक मार्ग अजून एकेरीच आहे. करंजाडीला किंवा आडवलीला तुमची गाडी पाऊण तास उभी राहते, तेव्हा बाजूने कोण धडधडत गेलं ते बघा. थांबणारा नेहमी दोनशेवाला असतो.

आरक्षणाची गोष्ट थोडक्यात. 1 नोव्हेंबर 2024 पासून आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, पूर्वी ते 120 दिवस होतं. सकाळी आठला खिडकी उघडते आणि गणपतीच्या दिवसांत काही मिनिटांत प्रतीक्षा यादी सुरू होते. कोकणकन्या, मांडवी, तुतारी, सगळ्यांची तीच गत. तत्काळला स्लीपरमागे 100 ते 200 रुपये जास्त जातात, म्हणजे एसटीशी तुलना तिथेच बदलली. प्रतीक्षा यादीतल्या तिकिटावर स्लीपरमध्ये चढता येत नाही, दंड होतो. थोडक्यात, रेल्वेचं स्वस्त तिकीट हे दोन महिने आधी गावाला जाण्याचा दिवस ठरवू शकणाऱ्यांसाठी आहे. गोदामात रोजंदारी करणाऱ्याला, सोसायटीच्या गेटवर बारा तास उभं राहणाऱ्याला, घरकाम करणाऱ्या मावशींना सुट्टी आदल्या आठवड्यात कळते. ज्यांना स्वस्त तिकिटाची सर्वांत जास्त गरज, त्यांनाच ते मिळत नाही. ही व्यवस्था उलटी आहे आणि ती सरळ करायला जनरलचे डबे वाढवण्यावाचून दुसरा उपाय नाही.

एसटीचं गुणगान एवढ्यावरच थांबवतो, कारण एसटीचा प्रवास सोपा नाही.

मुंबई–गोवा महामार्ग. पनवेल ते इंदापूर हा 84 किलोमीटरचा टप्पा चौपदरी करायचं काम 2011 मध्ये सुरू झालं. तेव्हा पहिलीत बसलेलं पोर आता नोकरीला लागलं. मंत्री बदलले, ठेकेदार बदलले, तारखा जाहीर झाल्या आणि उलटून गेल्या. माणगावात गाड्या तासतासभर मुंगीच्या पावलाने सरकतात. पावसाळ्यात खड्डे पडतात, गणपतीच्या आधी ते बुजवतात, विसर्जनापर्यंत पुन्हा उघडे. एसटीला कणकवली गाठायला दहा-बारा तास लागतात, कधी त्याहून जास्त. रेल्वेला सात ते आठ तास. साठीच्या पुढच्या माणसाला, मणक्याचा त्रास असलेल्याला, लघवीची घाई होणाऱ्याला बारा तासांची एसटी म्हणजे शिक्षा आहे. आजोबांचं तिकीट शून्य रुपये असेल, पण दुसऱ्या दिवशी ते अंथरुणातून उठू शकत नसतील, तर ती बचत कसली? रेल्वेच्या डब्यात शौचालय असतं, पाय मोकळे करता येतात, आडवं होता येतं. हे सगळं हिशेबात धरायलाच हवं. म्हणून आमच्या मते म्हाताऱ्या माणसासाठी स्लीपरचा कन्फर्म बर्थ मिळाला, तर पूर्ण पैसे भरून तो घ्यावा. आणि म्हणूनच त्यांची सवलत काढणं हा अन्याय आहे. ज्या गाडीची त्यांच्या शरीराला गरज आहे, तिथेच सूट नाही.

दुसऱ्या बाजूने रेल्वे तुम्हाला दारात सोडत नाही. दापोलीला रेल्वे नाही, गुहागरला नाही, देवगडला नाही, मालवणला नाही. दापोलीसाठी खेडला उतरा, गुहागरसाठी चिपळूणला, मालवणसाठी कुडाळ किंवा कणकवलीला. राजापूर रोड स्थानक राजापूरपासून लांब, सावंतवाडी रोड शहराबाहेर मळगावला, रत्नागिरीचं स्थानक एसटी स्टँडपासून रिक्षाच्या अंतरावर. पहाटे चारला उतरलात तर एसटी नसते, आणि रिक्षावाला म्हणेल तो आकडा. स्लीपरमध्ये वाचवलेले तीनशे शेवटच्या पंधरा किलोमीटरला जातात. पनवेलहून सुटणारी एसटी तुमच्या तालुक्याच्या स्टँडवर, कधी गावच्या फाट्यावर सोडते. चार पिशव्या आणि तांदळाचं पोतं सोबत असलेल्यांना हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

रेल्वे नाही, एसटी भरली. मग ट्रॅव्हल्स.

रात्री आठ-नऊच्या सुमारास सायन–पनवेल महामार्गावर वाशीपासून कळंबोलीपर्यंत हा बाजार भरतो. नेरूळ, खारघर, कामोठ्याच्या थांब्यांवर बॅगा घेऊन माणसं उभी. हातात यादी घेतलेला पोरगा 'कणकवली, कुडाळ, सावंतवाडी' असं ओरडतो. कुणी भाव विचारला, की आधी तुमच्या बॅगांकडे बघतो, मग तुमच्यासोबतच्या लहान मुलाकडे बघतो आणि मग आकडा सांगतो. आडवारी सातशे-आठशे. गणपतीच्या दोन दिवस आधी तीच गाडी, तोच बर्थ, दोन हजारांच्या पुढे. बाईला अर्धं नाही, म्हाताऱ्याला मोफत नाही, पोराला बर्थ हवा तर पूर्ण.

याला कायदा नाही का? आहे. राज्य सरकारने 27 एप्रिल 2018 ला शासन निर्णय काढला. त्याच प्रकारच्या एसटी गाडीच्या भाड्याच्या दीडपटीहून जास्त भाडं खासगी गाड्यांना घेता येत नाही. कागद पक्का आहे. परिवहन विभाग दर सणाच्या आधी पत्रक काढतो, कारवाईचा इशारा देतो. नवी मुंबईत आरटीओ आहे, पनवेलला आहे. सणाच्या आठवड्यात कळंबोलीच्या थांब्यावर रात्री नऊ ते बारा या वेळात दोन अधिकारी पावतीपुस्तक घेऊन उभे राहिले, तर भाव त्याच रात्री खाली येतील. यासाठी नवा कायदा नको, पथक नको, ॲप नको. माणसं उभी करायला हवीत. ते होत नाही, म्हणून गरीब माणसाची सणातली बोनसची रक्कम या महामार्गावर जाते.

आणि भाड्याहून मोठी गोष्ट जिवाची. 8 ऑक्टोबर 2022 ला नाशिकजवळ यवतमाळहून मुंबईला येणारी खासगी गाडी धडकेनंतर पेटली, 12 माणसं गेली. 1 जुलै 2023 ला समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ गाडी उलटून पेटली, 25 माणसं झोपेत जळाली. स्लीपर गाडीत चढलात की पहिलं काम हे करा: मागचं आपत्कालीन दार कुठे आहे ते बघा आणि त्याच्या वाटेत माल रचलाय का ते तपासा. रचला असेल तर ड्रायव्हरला काढायला सांगा. नाही काढला तर उतरा. भांडण झालं तर होऊ द्या, एसटीने जा किंवा उद्या जा. यात संकोच करू नका.

घाटावरच्या मंडळींचं थोडक्यात सांगतो, कारण त्यांच्यापुढे निवड फार नाही. कोपरखैरणे, घणसोली आणि वाशीच्या बाजार समितीत पाटण, जावळी, साताऱ्याकडचे माथाडी कामगार पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांच्यासाठी रेल्वे जवळजवळ नाहीच. कोयना आणि महालक्ष्मी कल्याणवरून जातात, साताऱ्याचं स्थानक शहराबाहेर माहुलीला, आणि पाटणच्या खोऱ्यात रूळच नाहीत. तिथे एसटी किंवा ट्रॅव्हल्स. उलट मराठवाड्यातल्या माणसाने पनवेल–नांदेड गाडी विसरू नये. लातूर, परळी, परभणीला जायला रात्रभर रस्त्यावर हाडं खिळखिळी करून घेण्यापेक्षा ती कितीतरी बरी. पनवेलहूनच सुटते, त्यामुळे चढताना जागा मिळायची आशा असते. दिव्याच्या गाडीशी तुलना करा म्हणजे कळेल, गाडी कुठून सुटते याला गरिबाच्या प्रवासात किती महत्त्व आहे ते.

केवळ फिरायला निघणाऱ्यांसाठी एक जुनी, चांगली गोष्ट. एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' पास. चार दिवसांचा किंवा सात दिवसांचा, 1988 पासून चालू आहे. एकदा पैसे भरायचे आणि राज्यात हवं तिथे चढायचं, हवं तिथे उतरायचं. पनवेलहून महाड, तिथून दापोली, हर्णै, गुहागर, रत्नागिरी, मालवण असा किनारा धरून गेलात, तर या पासाइतकं स्वस्त काही नाही, आणि रेल्वे त्यातल्या बहुतेक गावांजवळ फिरकतही नाही. कॉलेजच्या पोरांनी हा पास काढावा. जाताना पासावर गावं बघत जावं आणि येताना कुडाळहून किंवा रत्नागिरीहून रेल्वेने परतावं. परतीचं आरक्षण मात्र आधीच करून ठेवा.

तर आमचा कौल असा. चार तरुण असाल तर रेल्वे. घरात दोनपेक्षा जास्त बाया आणि 75 च्या पुढचं माणूस असेल, अंतर चिपळूण-महाडपर्यंतचं असेल, तर एसटी. त्याहून लांब जायचं आणि सोबत म्हातारं माणूस असेल, तर पैसे बाजूला ठेवून रेल्वेचा बर्थ. ट्रॅव्हल्स सगळ्यांत शेवटी, आणि भाड्याची पावती घेतल्याशिवाय नाही. पावती असली, तरच आरटीओत तक्रारीला आधार राहतो.

आणि एक मागणी, आत्ताच करायची. कोकण रेल्वेचं भारतीय रेल्वेत विलीनीकरण व्हायचं आहे. मे 2025 मध्ये महाराष्ट्राने त्याला संमती दिली. संमती देताना राज्याने 'कोकण रेल्वे' हे नाव कायम ठेवा आणि राज्याने गुंतवलेले 396.54 कोटी रुपये परत करा, असं सांगितलं. नाव राहावं, पैसे परत यावेत, दोन्ही रास्त आहे. पण सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं 40 टक्के वाढीव किलोमीटर भरणाऱ्या प्रवाशाचं काय? विलीनीकरण ज्या दिवशी होईल, त्याच दिवसापासून रोह्याच्या पुढचं भाडं प्रत्यक्ष अंतरावर घ्या, ही तिसरी अट हवी. कोकणातले खासदार, आमदार आणि प्रवासी संघटना यांनी ती लिहून घ्यावी. नवी मुंबईतल्या प्रत्येक मंडळाने आणि ग्रामस्थ संघाने त्यासाठी सह्यांचं निवेदन बेलापूरच्या मुख्यालयात नेऊन द्यावं, आणि पोच घेतल्याशिवाय परतू नये.